वरळीचा आवाज, वऱ्हाडाचे कान

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी टेलिव्हिजन सुरू झालं तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. पुसद तालुक्यातल्या गहुली तांड्यावर वाढलेला हा माणूस डिसेंबर १९६३ पासून राज्याचा कारभार बघत होता. गहुलीपासून पोहरादेवी या बंजारा समाजाच्या तीर्थक्षेत्राचा परिसर जवळच. मानोरा, मंगरूळपीर, कारंजा, वाशिम हा सगळा मुलूख वसंतरावांना आपल्यातला मानणारा. पण त्यांच्या सरकारच्या बातम्या मुंबईकर पडद्यावर पाहू लागले, तेव्हा या मुलखात तो पडदाच नव्हता. टेलिव्हिजनच्या लहरी सरळ रेषेत जातात, क्षितिजाखाली उतरत नाहीत. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेलं चित्र मुंबई आणि आसपास दिसायचं, १९७३ पासून सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यालाही दिसू लागलं. वऱ्हाडातलं वाशिम मुंबईपासून पाचशेहून अधिक किलोमीटरवर. तेव्हा ते अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं.

मराठी वृत्तनिवेदकांचा इतिहास आजवर बहुधा मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यातून सांगितला गेला. ते स्वाभाविकही आहे, कारण प्रेक्षक तिथेच होते. पण या माणसांनी काय घडवलं ते मोजायचं असेल, तर त्यांचा चेहरा जिथे सर्वांत उशिरा पोहोचला तिथून पाहायला हवं, असं मला वाटतं.

वाशिमला बातम्या आधी कानांनी मिळाल्या. नागपूरला आकाशवाणी १६ जुलै १९४८ ला सुरू झाली होती. पुढे परभणीचं केंद्र आलं, आणि वाशिम-रिसोडच्या बाजूला ते चांगलं ऐकू यायचं. रेडिओला परवाना लागायचा आणि त्याची फी पोस्टात भरावी लागायची, म्हणून तो घरोघरी नव्हता. वाड्यावर असायचा, अडत दुकानात असायचा, ग्रामपंचायतीत असायचा. दिल्लीहून येणाऱ्या मराठी बातम्या असोत की पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, निवेदक आधी स्वतःचं नाव सांगायचा आणि मग बातमी. पुण्याच्या सुधा नरवणे यांचं नाव अशाच सकाळच्या बातम्यांमुळे राज्यभर झालं. त्यांचे पुत्र मनोज नरवणे पुढे देशाचे लष्करप्रमुख झाले, तेव्हा अनेक जुन्या श्रोत्यांनी त्यांना आईच्या आवाजावरून ओळखलं. शेतकरी सोयाबीन किंवा कापसाचा भाव पेपरात वाचतो आणि पडताळून घेतो. रेडिओचं तसं नव्हतं. त्यातलं वाक्य एकदाच यायचं, म्हणून सांगणाऱ्यावर भरवसा ठेवावाच लागायचा.

तो भरवसा मुंबईत पडद्यावर नेण्याचं काम ज्यांच्याकडे आलं, त्यांत पहिलं नाव डॉ. विश्वास मेहेंदळे यांचं. मुंबई केंद्राचे ते पहिले वृत्तनिवेदक. आकाशवाणीतून आलेला, नाटकात रमलेला, राजकारणाचा अभ्यास असलेला हा माणूस. पुढे त्यांनी मुख्यमंत्र्यांवर ‘यशवंतराव ते विलासराव’ हे पुस्तक लिहिलं आणि पुण्यात सिम्बायोसिसची जनसंज्ञापन संस्था उभी करताना संस्थापक संचालक म्हणून कितीतरी तरुणांना या व्यवसायात आणलं. मुंबई केंद्राची धुरा होती पी. व्ही. कृष्णमूर्ती यांच्याकडे. टेलिव्हिजन तेव्हा आकाशवाणीचंच अंग होतं. १ एप्रिल १९७६ ला ते वेगळं झालं आणि दूरदर्शनचे पहिले महासंचालक कृष्णमूर्तीच झाले. चेहरा आणि आवाज यांची त्यांना उत्तम पारख होती. छायाचित्रकार दीपक किरपेकर यांनी एका सावळ्या, मोठ्या डोळ्यांच्या मुलीचे फोटो काढले होते. किरपेकरांच्या पत्नी ज्योत्स्ना याच केंद्रावर काम करत. ते फोटो कृष्णमूर्तींच्या नजरेस पडले आणि त्या मुलीला बोलावणं गेलं. मुलगी म्हणजे स्मिता पाटील.

स्मिताचे वडील शिवाजीराव पाटील खानदेशातले, शिरपूरचे. समाजवादी चळवळीतून आलेले, पुढे मंत्री झालेले. घरात राजकारण आणि समाजकारण दोन्ही बोललं जायचं. बातमी म्हणजे काय हे त्या मुलीला शिकवावं लागलं नसणार. जीन्स घालून यायची, बातम्यांच्या आधी त्यावर साडी गुंडाळायची आणि कॅमेऱ्यासमोर बसायची, ही हकिकत तिच्याबद्दल सांगणाऱ्या प्रत्येकाने सांगितली आहे. पडदा काळापांढरा होता आणि कॅमेरा कंबरेवरचंच दाखवायचा. श्याम बेनेगल यांनी तिला याच पडद्यावर पाहिलं आणि १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’ आले. त्यानंतरची अकरा वर्षं सर्वांना ठाऊक आहेत. १३ डिसेंबर १९८६ ला ती गेली. तिच्या अभिनयातली स्थिर नजर, कमी बोलून समोरच्याला थांबवणं, हे सगळं बातम्यांच्या खुर्चीत घडलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण कॅमेऱ्याकडे न घाबरता पाहण्याची सवय तिला तिथेच लागली, हे मानायला हरकत नाही.

भक्ती बर्वे यांची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. त्याही मुंबई केंद्रावर बातम्या वाचत. स्वच्छ उच्चार, शब्दाच्या शेवटापर्यंत टिकणारा स्वर. जानेवारी १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ रंगमंचावर आलं. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी ते लिहिलं होतं. फुलं विकणाऱ्या मंजुळेला प्रोफेसर शुद्ध मराठी बोलायला शिकवतो आणि शेवटी ती त्यालाच जाब विचारते. जी बाई संध्याकाळी मुंबई-पुण्याला प्रमाण मराठी ऐकवत होती, तीच रंगमंचावर त्या प्रमाण मराठीखाली चिरडलेल्या मुलीचा राग व्यक्त करत होती. वऱ्हाडात या नाटकाचा प्रश्न रोजचाच होता. इथे ‘मला’ नाही, ‘मले’ म्हणतात. ‘डोळा’ नाही, ‘डोया’. घरात आजी एक बोलायची, शाळेत मास्तर दुसरं बोलायचे आणि रेडिओ तिसरंच बोलायचा. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस हवं असेल तर तिसरं बोलावं लागे. निवेदकांनी हे जाणूनबुजून केलं नाही. त्यांना जसं शिकवलं तसं ते बोलले. पण प्रमाण मराठी म्हणून जे घराघरांत शिरलं त्यात पाठ्यपुस्तकांइतकाच या वीस-पंचवीस आवाजांचा वाटा आहे, आणि त्या शिरण्यात वऱ्हाडीने बरंच गमावलं. या आवाजांवर माझं प्रेम आहे, तरी ही किंमत नोंदवणं मला भाग आहे.

या मंडळींचं काम कसं चालायचं ते आजच्या पिढीला सांगायला हवं. निवेदकांपैकी बहुतेक जण केंद्राचे नोकर नव्हते. ते पॅनेलवर असत. दिवसा दुसरीकडे नोकरी, आठवड्यातून काही पाळ्या बातम्यांच्या. अनंत भावे मराठीचे प्राध्यापक आणि मुलांचे कवी, पुढे त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. स्मिता तळवलकर सतरा वर्षं बातम्या वाचत होत्या, नंतर ‘कळत नकळत’ आणि ‘तू तिथं मी’च्या निर्मात्या म्हणून नावारूपाला आल्या. चारुशीला पटवर्धन, शोभा तुंगारे यांचे चेहरे त्या काळातल्या प्रेक्षकांना अजून आठवतात. बातमी वृत्त विभागातले संपादक लिहीत. निवेदक ती आधी एकदा डोळ्यांखालून घाली, अवघड नावांवर खूण करी आणि थेट प्रक्षेपणात कागदावरून वाची. समोर अक्षरं सरकवणारं यंत्र नव्हतं. खाली पाहून ओळ उचलायची, वर पाहून ती बोलायची, पुन्हा खाली. शेवटच्या क्षणी कुणीतरी हातात नवा कागद सरकवी आणि तो आधी न वाचता वाचावा लागे. दृश्यं सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित व्हायची. फिल्म आणायची, धुवायची, कापून जोडायची. तोवर बातमी शिळी होण्याची भीती असायची, म्हणून पुष्कळ वेळा पडद्यावर निवेदकाचा चेहरा एवढंच दृश्य असायचं. चुकलेला शब्द परत घेता येत नसे. ‘क्षमा करा’ म्हणून दुरुस्त करायचा आणि आवाज न हलवता पुढे जायचं. या कसबाला आपण फार कमी लेखलं.

प्रदीप भिडे यांनी हे कसब चार दशकं सांभाळलं. १९७० च्या दशकाच्या मध्यात ते या खुर्चीत आले आणि कृष्णधवल पडदा रंगीत झाला, फिल्म जाऊन टेप आली, टेप जाऊन संगणक आला, तरी तेच बसलेले होते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पत्रकारितेचा अभ्यास केला होता. त्यांचा आवाज खर्जातला, भरदार, पण बातमीवर स्वार होणारा नव्हता. निवडणुकीचा निकाल आणि पुराची बातमी यांत ते स्वर बदलत, पण तो बदल बोटभर असे. जाहिराती, माहितीपट, शासकीय समारंभ अशा असंख्य ठिकाणी तो आवाज वापरला गेला. ७ जून २०२२ ला ते गेले, तेव्हा राज्यभरातल्या पन्नाशीपुढच्या माणसांनी घरातलं कुणी गेल्यासारखं दुःख व्यक्त केलं. डॉ. मेहेंदळे त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी २०२३ मध्ये गेले.

असंच काहीसं थोडं आधी इतरत्रही घडत होतं. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रायोगिक टेलिव्हिजन सुरू झालं. पंडित नेहरूंची तिथली पहिली मुलाखत आपल्या पु. लं.नी घेतली. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, ३१ ऑक्टोबर १९५९ ला, नायजेरियात इबादान शहरातून तिथलं पहिलं टेलिव्हिजन केंद्र सुरू झालं. पश्चिम प्रांताचे नेते ओबाफेमी अवोलोवो यांनी ते उभारलं आणि त्या पडद्यावर पहिल्यांदा दिसलेली बाई होती आनिके अगबाजे-विल्यम्स. देश अजून इंग्रजांच्या ताब्यात होता. घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला आणि १९६५ मध्ये अध्यक्ष एन्क्रुमांनी तिथे टेलिव्हिजन आणलं. पश्चिम आफ्रिकेतल्या वृत्तनिवेदकांपुढेही आपल्यासारखेच प्रश्न होते: शेकडो भाषांच्या देशात बातमी कुठल्या भाषेत आणि कुठल्या उच्चारात वाचायची, सरकारने दिलेला कागद कितपत आपला मानायचा, आणि राजधानीतून बोललेलं दूरच्या गावाला आपलं वाटेल का. तिथे लष्करी उठाव झाले की नवं सरकार सर्वांत आधी रेडिओ-टेलिव्हिजनचं केंद्र ताब्यात घेई. कालपर्यंत विश्वासाने ऐकलेल्या आवाजातून नवी घोषणा वाचून घेण्याला केवढी किंमत होती हे त्यावरून कळतं.

आपल्याकडे तसा उठाव झाला नाही, पण २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. टेलिव्हिजन सरकारी खात्याचं होतं. त्या एकवीस महिन्यांत मुंबईच्या पडद्यावर वाचल्या गेलेल्या बातम्या म्हणजे बऱ्याच अंशी सरकारची बाजूच होती. निवेदकाने कागद लिहिलेला नव्हता, हे खरं. पण त्याच्या चेहऱ्याची पत त्या कागदाला मिळाली, हेही खरं. चांगल्या आवाजाची ती जबाबदारी कुणी मोकळेपणाने बोलून दाखवली नाही. प्रसारणाला स्वायत्तता द्यावी अशी शिफारस चंदा समितीने १९६६ मध्येच केली होती. आणीबाणीनंतर वर्गीस समितीनेही तेच सांगितलं. त्यासाठीचा प्रसार भारती कायदा १९९० मध्ये झाला आणि अमलात यायला १५ सप्टेंबर १९९७ उजाडलं.

वाशिमला टेलिव्हिजन कधी आणि कसं पोहोचलं, याकडे आता वळायला हवं. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात देशात उपग्रहाने सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांना टेलिव्हिजन दाखवलं. विदर्भाच्या पूर्वेला रायपूर-दुर्गच्या खेड्यांतही संच बसले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. १९८२ मध्ये नागपूरला दूरदर्शनची सोय झाली, त्याच वर्षी दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंग आले, आणि १९८४ मध्ये देशभर छोटे प्रक्षेपक इतक्या झपाट्याने उभे राहिले की रोज एक नवा असं म्हटलं जाई. वऱ्हाडातल्या तालुक्यांच्या गावी उंच काठ्यांवर अँटेना दिसू लागल्या त्या या सुमाराला. पण छोट्या प्रक्षेपकावर आधी आली ती दिल्ली. म्हणजे वाशिम-मालेगावच्या पुष्कळ घरांनी मराठी निवेदकाचा चेहरा पाहण्याआधी दिल्लीच्या वृत्तनिवेदिका सलमा सुलतान यांच्या केसांतला गुलाब पाहिला. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी इंदिराजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीने आधीच सांगितलेली बातमी सरकारी माध्यमांनी संध्याकाळपर्यंत रोखली होती, आणि मग दूरदर्शनवर ती सलमा सुलतान यांनी दिली. तो दिवस खेड्यांत ज्याच्याकडे रेडिओ होता त्याच्या ओट्यावर गेला. सरकारी आवाज उशिरा बोलतो, हे गावकऱ्यांना त्या दिवशी चांगलंच उमगलं, आणि तरीही तो बोलेपर्यंत बातमी पक्की मानायची नाही ही सवयही सुटली नाही.

मुंबईच्या मराठी बातम्या वऱ्हाडाच्या पडद्यावर स्थिर झाल्या त्या नंतरच्या वर्षांत. १५ ऑगस्ट १९९४ पासून मराठीची स्वतंत्र उपग्रह वाहिनी आली, पुढे २००० मध्ये तिला ‘सह्याद्री’ नाव मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट झाली. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या आत लातूर जिल्ह्यातली किल्लारी भूकंपाने हादरली. सुमारे १०,००० माणसं गेली. हादरा दूरवर जाणवला आणि त्या आठवड्यात मराठी बातम्यांची वेळ म्हणजे सगळ्या राज्याची एकत्र बसायची वेळ झाली. त्या काळच्या निवेदकांनी मृतांचे आकडे वाचले, गावांची नावं वाचली, मदतीची आवाहनं वाचली. कुणी रडलं नाही, कुणी ओरडलं नाही. ऐकणाऱ्याच्या दुःखाला जागा ठेवायची असेल तर सांगणाऱ्याने आपलं दुःख आवरावं लागतं, हे त्यांना माहीत होतं. आजच्या पडद्यावर मी ते शोधत असतो.

१ जुलै १९९८ ला वाशिम स्वतंत्र जिल्हा झाला: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा हे सहा तालुके. जिल्हा झाला की जिल्हाधिकारी येतो, जिल्हा परिषद येते आणि माध्यमांचा जिल्हा प्रतिनिधीही येतो. पुढच्याच वर्षी अल्फा मराठी वाहिनी आली, २००० मध्ये ईटीव्ही मराठी. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, २००८ मध्ये आयबीएन लोकमत. दिवसातून काही मिनिटांची बातमी आता चोवीस तास चालू लागली आणि तिला रोज शेकडो तुकडे लागू लागले. त्यासाठी गावोगाव कॅमेरा घेऊन फिरणारा माणूस हवा होता. वाशिम पहिल्यांदा नुसतं ऐकणारं राहिलं नाही, सांगणारंही झालं.

काय सांगितलं गेलं ते मात्र फारसं सुखाचं नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्या, सोयाबीनचा पडलेला भाव, पाणीटंचाई, पोहरादेवीची गर्दी. ज्या वाशिममध्ये वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म होती, जिथल्या नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते वाशिम बातमीत क्वचितच आलं. कांबळे यांनी चौकीदारीपासून शिक्षकीपर्यंत कामं करून लिहिलं आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या दिवशी वाशिम काही मिनिटं पडद्यावर होतं. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी पोहरादेवीला आले, बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं आणि वाहिन्यांनी ते थेट दाखवलं.

थेट प्रक्षेपणात मुंबईतल्या स्टुडिओतला निवेदक आणि पोहरादेवीच्या मैदानावरचा प्रतिनिधी एकमेकांशी बोलतात, तेव्हा मेहेंदळे-भिडे यांच्या काळापासून झालेला बदल स्पष्ट दिसतो. स्टुडिओतल्या माणसाला आता स्वतःचं मत असतं, तो प्रश्न विचारतो, कधी उत्तर येण्याआधीच निकालही देतो. मैदानावरचा माणूस वऱ्हाडी घरातला असतो. तो प्रमाण मराठी बोलण्याचा प्रयत्न करतो, मध्येच एखादा ‘मले’ निसटतो आणि तो लगेच सावरून घेतो. मला तो निसटलेला शब्द आवडतो. भक्तीबाईंनी रंगमंचावर ज्या मुलीसाठी भांडून दाखवलं, तिच्या बोलीला बातमीत जागा मिळण्याची ती सुरुवात आहे.

मैदानावरच्या या प्रतिनिधीची स्थिती मात्र जुन्या पॅनेलवरच्या निवेदकांपेक्षा कठीण आहे. त्या निवेदकांमागे प्राध्यापकाची किंवा कंपनीची नोकरी होती. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या बहुतेक स्ट्रिंगरना पगार नसतो, लागलेल्या बातमीमागे पैसे मिळतात, आणि बातमी लागली नाही तर पेट्रोलही स्वतःचं. मानोऱ्याच्या एखाद्या तांड्यावर पाणी नसल्याची बातमी करायला तो मोटारसायकलने जातो, चित्रण करतो, मोबाइलवरून मुंबईला पाठवतो, आणि ती लागेल की नाही हे मुंबईतलं कुणीतरी ठरवतं. वरळीच्या स्टुडिओत बसलेल्या आवाजांवर लेख निघाले, त्यांना पुरस्कार मिळाले, आणि ते मिळायलाच हवे होते. या जिल्हा प्रतिनिधींचं काम कुणी लिहून ठेवायला घेतलं, तर त्याने सुरुवात वाशिमपासून करावी. तिथे ती माणसं आजही रोज कामावर निघतात.